हिलमन सुकवली दांड्यावर

...नाही हो, धुण्याबद्दल माझी तक्रारच नाही. धुवायला लागतं काय? दोन बादल्या पाणी, एक चिंधी आणि सकाळची वेळ. म्हैससुद्धा धुवून निघते. पण सुकवणं... तुम्हाला सांगतो, धुणं सोप्पं हो, सुकवणं! म्हशीला कुणी सुकवत बसतं का? ती आपली आपण सुकते, शेपटी हलवते, चालायला लागते. तिच्या पाठीवर पांढरा ठिपका राहिला म्हणून कुणी रुमाल घेऊन मागं लागत नाही. मोटारीचं तसं नाही. त्यातून मोटार काळी. त्यातून हिलमन. आणि त्यातून मालक कोण, तर अंधेरीचे वाघळे वकील.

मी त्यांचा ड्रायव्हर, अनंत. सहा वर्षं झाली होती. बंगल्याच्या मागं गॅरेज, गॅरेजच्या मागं माझी खोली, खोलीला एक खिडकी, खिडकीत बदामाचं झाड... आता तुम्ही म्हणाल, खिडकीचं काय एवढं? अहो, गिरगावात मी सात जणांत एका खोलीत निजत होतो, कूस बदलायची तर सगळ्यांना विचारून. इथं मी आडवा पडलो की बदामाची पानं हलायची, त्यामागं आभाळ, आणि मी आपला बघत राहायचो. बघता बघता कुठं जायचो मलाच कळायचं नाही. हा माझा दोष आहे, कबूल करतो. मी जागेपणी झोपतो.

आणि काळी मोटार ओली असली ना, की तिच्या बॉनेटवर सगळं आभाळ उतरतं. मी फडका फिरवतोय, फिरवतोय, आणि बॉनेटवरून एक ढग चाललाय, अगदी सावकाश, या दिव्याकडून त्या दिव्याकडं... मी त्याच्याबरोबर निघालो. परत येईपर्यंत पाणी सुकलेलं. आपल्या आपण सुकलेलं. आणि तेच तर वाईट. बंगल्याच्या विहिरीचं पाणी मचूळ. थेंब गेला की त्याच्या जागी पांढरं कडं उमटतं, आणि मग ते कडं घासा, पुसा, त्याच्यापुढं हात जोडा, ते तिथंच.

साडेनऊला साहेब पायऱ्या उतरायचे. काळा कोट, हातात पांढरा रुमाल. गाडीभोवती एक फेरी.

"अनंत, हे काय?"

"ठिपका, साहेब."

"किती?"

"एक, साहेब."

"मग हा?"

"...दोन."

"मघाशी एक म्हणालास. आता दोन म्हणतोस. तुझं नेमकं म्हणणं काय?"

सांगा, यावर माणसानं काय बोलावं? माझं म्हणणं एवढंच, की धुणं सोप्पं हो, सुकवणं!

बरं, मी उपाय केले नाहीत असं नाही. पहिल्यांदा जुना पंचा घेतला. पाणी छान पितो, पण आपले धागे सोडतो. गाडीला दाढी आल्यासारखी दिसायला लागली. मग नवं मांजरपाट आणलं, तर त्याला खळ. ते पाणी पीत नाही, नुसतं इकडचं तिकडं ढकलतं. मग साहेबांच्या आईचं एक जुनं लुगडं मिळालं, सुती, धुवून धुवून सायीसारखं मऊ झालेलं. ते मात्र झकास होतं. पण आजींनी गच्चीतून बघितलं आणि दोन दिवस जेवल्या नाहीत, "माझ्या लुगड्यानं मोटार पुसतात" म्हणून. लुगडं परत गेलं. काचांना वर्तमानपत्र लावलं. काच चकचकीत झाली, माझे हात काळे झाले, आणि त्या हातांनी मी पांढऱ्या सीटला टेकलो.

एकदा वाटलं, वाऱ्यानंच सुकवू. ओली गाडी काढली आणि मरोळच्या रस्त्यानं पळवली. पाणी सुकलं, खरं सांगतो, पाच मिनिटांत सुकलं. फक्त रस्त्याची सगळी धूळ आधी तिच्यावर बसली आणि मग सुकली. घरी आलो तेव्हा गाडी सारवलेली होती.

त्या मरोळलाच इग्नेशियस भेटला. तिथल्याच गावठाणातला, एका कंपनीच्या गोऱ्या साहेबाची गाडी चालवायचा. त्याची गाडी बघाल तर आरसा. मी म्हटलं, "इग्नेशियस, बाबा, तू करतोस काय?" त्यानं इकडं तिकडं बघितलं आणि डिकीतून एक पिवळं कातडं काढलं. आम्ही ड्रायव्हर लोक त्याला शामी म्हणतो. विलायती माल. हातात घेतलं तर वासराच्या कानासारखं मऊ. म्हणाला, "हे आधी पाण्यात भिजव, घट्ट पिळ, मग पूस." मी म्हटलं, "अरे, सुकवायचं तर भिजवायचं कशाला?" तो म्हणाला, "तुला शामी पाहिजे का वाद पाहिजे?" मी शामी घेतली. आठ दिवसांसाठी, उसनी.

काय सांगू तुम्हाला, पहिल्या दिवशी एक ठिपका नाही. साहेबांचा रुमाल पांढरा तो पांढरा. मी इतका खूश झालो, की ती शामी प्रेमानं साबणानं धुतली आणि बाराच्या उन्हात तारेवर टाकली. संध्याकाळी काढायला गेलो तर तारेवर पापड. उचलला तर कट्कन कोपरा हातात आला. इग्नेशियसला नेऊन दाखवला. तो रागावला नाही हो, ते फार वाईट. त्यानं तो पापड दोन्ही हातांत धरला आणि म्हणाला, "सावलीत वाळवायची असते रे ही, सावलीत." आणि दार लावून घेतलं. म्हणजे बघा, मला गाडी सुकवता येत नव्हती ती नव्हतीच, गाडी सुकवायचं कातडंसुद्धा सुकवता येत नव्हतं.

एवढं होऊनही दिवस चालले होते. पण मग आलं कुंदाताईंचं लग्नाचं. साहेबांची एकुलती एक मुलगी, बी.ए. झालेली, हसतमुख. आधी एक स्थळ आलं होतं दादरचं. मुलाच्या आईनं घरात पाऊल टाकायच्या आधी गाडीकडं बघितलं आणि म्हणाली, "अगंबाई, देवी आल्यात का हिला?" झालं. ते स्थळ मोडलं. आता ते पत्रिकेवरून मोडलं का गाडीवरून मोडलं, देव जाणे, पण साहेबांनी ते माझ्या नावावर टाकलं.

मार्गशीर्षातला शनिवार. साहेबांनी मला दिवाणखान्यात बोलावलं. "अनंत, उद्या चार वाजता घाटकोपरहून रांगणेकर मामलेदार आणि त्यांचे चिरंजीव. आणायला तू. गाडीवर एक ठिपका दिसला तर गाडीची चावी या टेबलावर, आणि तुझ्या खोलीची किल्ली तिच्या शेजारी." आवाज नाही चढवला. आवाज चढवला असता तर मला जरा बरं वाटलं असतं.

मागं आलो तर कुंदाताई उभ्या. "अनंतदादा, या वेळी नीट होऊ दे. मी पाहिलंय त्यांना, माझ्या मैत्रिणीच्या, शैलाच्या लग्नात. माझ्याकडं बघून हसले होते."

"एकदाच?"

"दोनदा," म्हणाल्या, आणि पळाल्या.

आता सांगा, मला रात्री झोप कशी यावी? खिडकीत बदामाची पानं हलत होती आणि मला प्रत्येक पानावर ठिपका दिसत होता.

रविवारी सकाळी मागच्या दारी डोकं धरून बसलो होतो. समोर बादली, बादलीत पाणी, पाण्यात हात घालायचं धाडस नाही. तेवढ्यात वनमाला आली. खारदांड्याची कोळीण, पापलेटं घेऊन यायची. म्हणजे पापलेट, सुरमई, असलं ताजं. सुकी मासळी आमच्या बंगल्यात वर्ज्य. बाईसाहेब म्हणायच्या, सुकं म्हणजे गड्यांचं खाणं, वास आठ दिवस पडद्यांना राहतो. तर वनमालेनं टोपली उतरवली, माझी कथा ऐकली आणि कमरेवर हात ठेवून हसत सुटली.

"अरं अनंता, सुकवायचं तर आमाला इचार ना. आमी आख्खा मांडव बोंबील सुकवताव, तुज्या एका गारीचं काय? दांड्याला आन. वारा लागला का पानी पलतं."

आणि मला पटलं हो. का नाही पटणार? सबंध मुंबईत ओल्याचं सुकं करण्यात कोळ्यांच्या वर कोण आहे? पिढ्यान् पिढ्या दुसरं केलंय काय त्यांनी? पेट्रोल भरून येतो म्हणून सांगितलं आणि घोडबंदर रोडनं वांद्र्याच्या बाजूला सुटलो तो थेट खारदांडा.

तिथं गोड्या पाण्याची विहीर. वनमालेच्या जावांनी चार हंडे ओतले, गाडी न्हाऊन निघाली, आणि आम्ही ती ढकलत वाळवणात नेली. बघितलंय का तुम्ही कधी बोंबलांचं वाळवण? उंच उंच बांबू, बांबूंना दोऱ्या, आणि दोऱ्यांवर बोंबील, दोन-दोन, एकमेकांच्या जबड्यात जबडा अडकवून. हजारो. पडदेच्या पडदे. मधल्या गल्लीत सावली. वनमाला म्हणाली, "दारं उघर, बॉनेट उघर, डिकी उघर, समदी उघर." उघडली. खाऱ्या वाऱ्याचा झोत एका दारातून आत आणि दुसऱ्यातून बाहेर. नंबरप्लेटच्या मागं लपलेलं पाणी, दाराच्या रबरातलं, दिव्यांच्या खाचेतलं... मी बघत होतो, थेंब थरथरायचा आणि नाहीसा व्हायचा. सावलीत सुकतंय, कडं नाही, डाग नाही. मला इग्नेशियसची आठवण आली.

आणि मग मी मागच्या सीटवर पाच मिनिटं टेकलो.

काय सांगू ते सुख... उघड्या दारातून समुद्राचा एक तुकडा दिसतोय, चंदेरी, डोळे मिटायला लावणारा. वर बोंबलांचे पडदे हलतायत, त्यांच्यातून ऊन गाळून येतंय, अंगावर नुसते कवडसे. लांब कुठंतरी होडी ठोकतायत, ठक... ठक... आणि मग ते ठकठकही लांब गेलं. स्वप्नात बघतो तर मी दोरीवर. उलटा नाही, सुलटा नाही, नुसता तरंगतोय. शेजारी वाघळे वकील, काळ्या कोटात. आमचे जबडे एकमेकांत अडकलेले, पण भांडण नाही, चौकशी नाही. साहेब म्हणाले, "अनंत, वारा छान आहे." मी म्हटलं, "होय साहेब." आणि आम्ही दोघं सुकत राहिलो. आयुष्यात साहेबांशी माझं इतकं चांगलं बोलणं दुसरं झालेलं नाही.

जागा झालो तो अडीच वाजलेले. उडी मारून बाहेर आलो आणि गाडी बघितली... तुम्हाला सांगतो, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. एक ठिपका नाही. टपावर नाही, दारांवर नाही. काळंभोर पाणी उभं राहिल्यासारखी ती गाडी, आणि त्यात सगळा दांडा दिसतोय.

आता तुम्ही विचाराल, अरे अनंता, आणि वास? तुमच्या ध्यानात आलं ना? माझ्या नाही आलं. मी मूळचा कोकणातल्या आचऱ्याचा, त्यातून चार तास बोंबलांत निजलेला. माझ्या नाकाला हवा ती हवाच वाटत होती. सुकवण्याच्या नादात मी गाडी खारवून आणली होती, सीटसकट, छतासकट, आणि मला पत्ता नाही. काचा वर केल्या, दारं लावली, अंधेरीला आलो. साहेब रुमाल घेऊन उतरले. एक फेरी. दुसरी फेरी. रुमाल पांढरा. म्हणाले, "अनंत, आज जमलं." सहा वर्षांत पहिल्यांदा. मी हवेत. एक मांजर गाडीमागं फाटकापर्यंत पळत आलं, तेही मला आनंदानंच आल्यासारखं वाटलं.

घाटकोपर. रांगणेकर मामलेदार, सत्तरीचे, टोपी, उपरणं, चेहऱ्यावर एक सुरकुती हलेल तर शपथ. मागं त्यांचे चिरंजीव श्यामसुंदर, डॉक्टर. मी दार उघडलं. मामलेदार आत बसले... आणि थबकले. श्यामसुंदरांनी आत डोकं घातलं, बाहेर काढलं, रुमाल नाकाला लावला. आणि त्या क्षणी, त्यांचा रुमाल बघून, माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. वाट लागली. ठिपक्यानं नाही जाणार, वासानं जाणार. माझी खोली, माझी खिडकी, कुंदाताईंची ती दोन हसणी, सगळं गेलं.

"बाबा, काचा खाली करू?"

"काच वर राहू दे," मामलेदार म्हणाले. डोळे मिटलेले.

साकीनाका आला. मग मागून आवाज आला, मामलेदारांचाच, पण दुसऱ्याच कुणाचा वाटावा असा, मऊ.

"अरे, खंयचो रे तू?"

"आचऱ्याचो, साहेब."

"मी वेंगुर्ल्याचो. गाडी सावकाश घे." आणि मग थांबत थांबत, "तीन वर्सां झाली रे. ह्या माझ्या डॉक्टर झिलान मीठ बंद केल्यान, सुक्या बंद केल्यान. वाससुद्धा गावलो नाय. माझी आवस पावसात मागल्या पडवेत बसान निखाऱ्यार बोंबील भाजी होती... आमी भावंडां ताटां घेवन रांगेन बसाव."

आरशात बघितलं तर त्यांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी. मी गाडी इतकी सावकाश चालवली, की एका बैलगाडीनं मला मागं टाकलं. मरोळची भातशेतं, ताडाची झाडं, उतरतं ऊन, आणि आम्ही तिघं बंद काचांत. मामलेदार वेंगुर्ल्यात, मी आचऱ्यात, आणि बिचारे श्यामसुंदर रुमालात.

बंगल्यात पोचलो. पोर्चमध्ये साहेब हात जोडून उभे, बाईसाहेब उभ्या. मामलेदार उतरेनात. "पाच मिनिटं बसू द्या," म्हणाले. पाचाची पंधरा झाली. शेवटी चहा बाहेर आला, कुंदाताई बाहेर आल्या, आणि बघण्याचा कार्यक्रम गाडीच्या दाराशी झाला. गाडीच्या या बाजूला कुंदाताई, त्या बाजूला श्यामसुंदर, आणि दोघंही मान खाली घालून टपाकडं बघतायत. टपावर दोघांची तोंडं दिसत होती हो, स्वच्छ. डॉक्टर तिसऱ्यांदा हसलेले मी पाहिले.

मामलेदारांनी आतून विचारलं, "मुली, सुका बोंबील भाजता येतो?"

बाईसाहेबांचा चेहरा बघवेना. कुंदाताईंनी एकदा आईकडं बघितलं, एकदा टपाकडं. "येतो. आई कीर्तनाला गेली, की गॅरेजच्या मागं भाजते."

तेवढ्यात साहेब पाहुण्यांना हात द्यायला गाडीत वाकले. वाकले ते तसेच राहिले. मग हळूच माझ्याकडं वळून म्हणाले, "अनंत. चावी."

मी दिली. काय करणार?

"चावी त्याच्याकडंच असू द्या," मामलेदार म्हणाले. "वकीलसाहेब, मुलगी पसंत. हुंडा नको, मानपान नको. एक विनंती, दर रविवारी ही गाडी आणि हा माणूस, एवढं घाटकोपरला पाठवा. खायची बंदी आहे, वास घ्यायची नाही. काय रे डॉक्टर?"

डॉक्टर कुंदाताईंकडं बघत होते. म्हणाले, "नाही." त्यांना तेव्हा काहीही विचारलं असतं तरी तेच म्हणाले असते.

चावी परत माझ्या हातात. मी वाचलो. वाचलो असं तुम्हाला वाटतं ना? मलाही वाटलं. पण तुम्हाला सांगतो, धुणं सोप्पं हो, सुकवणं... आणि सुकवलेलं परत धुणं, त्याचं तर नावच नको. दुसऱ्या दिवसापासून बाईसाहेबांनी गाडीत कॉफीची पूड ठेवली, लिंबं ठेवली, फिनेल शिंपडलं, आठवडाभर ऊद जाळला. आता देवळात बसून कुणी बोंबील भाजतंय असा वास यायला लागला. साहेब कोर्टात उतरले, की समोरचा वकील खिडकीशी जाऊन उभा राहायचा. महिनाभर त्यांनी सोसलं. मग माघात लग्न लागलं, आणि वरातीच्या वेळी साहेबांनी जाहीर केलं, की जावयाला त्यांच्याकडून आहेर, हिलमन मोटार. ड्रायव्हरसकट.

सगळ्या मांडवानं टाळ्या वाजवल्या. केवढं मन, केवढं मन, म्हणून. कुंदाताई आईच्या गळ्यात पडून रडत होत्या. मी बदामाच्या झाडापाशी उभा राहून रडत होतो. आमची ट्रंक तेवढी निराळी होती, त्यांची मोठी, माझी लहान.

तेव्हापासून कुंदाताई आणि मी, आम्ही दोघं घाटकोपरला. वाईट नाही, खोटं का बोलू. मामलेदार जीव लावतात. शनिवारी म्हणतात, "अनंता, वास उतरलो रे, सुकवन घेवन ये." मी दांड्याला जातो, चार तास निजतो, येतो. रविवारी ते गाडीत बसतात, काचा लावतात, आणि आम्ही कुठंच जात नाही. मोटार दारातच उभी, ते डोळे मिटून, मी डोळे मिटून. सगळं आहे. फक्त माझ्या खोलीला खिडकी नाही.

परवा दिवाळसणाला वाघळ्यांकडून कुंदाताईंना बोलावणं आलं. मीच घेऊन गेलो. मनात म्हटलं, आपलंही घर तेच की, बघू तरी झाड केवढं झालं. साहेब फाटकापर्यंत आले. लेकीला जवळ घेतलं, जावयाचा हात धरला, मग माझ्याकडं वळले. डोळे त्यांचेही भरलेले, खरं सांगतो. म्हणाले, "कसा आहेस, अनंत? बरं वाटलं बघून. गाडी आत आणू नकोस."

कुंदाताईंना माहेर चार दिवसांचं. मला फाटकापर्यंतचं.